माझ्या पट्टीतला एक सेंटिमीटर

जनार्दन,

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्यायला मला सांगितलं आहे. सांगणाऱ्याने सूचनाही दिल्या. जन्मगाव, शिक्षण, नोकरी, मंडळातलं योगदान, एक हसरा फोटो, आणि शेवट पॉझिटिव्ह. "लोक आधीच फार थकलेत हो," तो म्हणाला. "आणि ते मासेमारीचं तेवढं जपून घ्या. उगाच वहिनींना त्रास नको."

वहिनींना त्रास नको! तुझं ते स्टिकर माझ्या फोनवर ज्याच्याकडून आलं, तोच हा माणूस. तेव्हा वहिनी नव्हत्या का या गावात?

त्यामुळे जन्मगाव, शिक्षण वगैरे मी काही लिहिणार नाही. ते ज्यांना हवं आहे त्यांनी तुझ्या लिंक्डइनवर बघावं. मी मासेमारीचंच लिहिणार आहे, आणि जपून लिहिणार नाही. अंकात छापलं नाही तर मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकीन. तिथूनच तर सगळं सुरू झालं होतं. खरं म्हणजे त्याच्याही आधी माझ्या घरच्या शेडमध्ये सुरू झालं होतं, आणि ते गेल्या रविवारपर्यंत एकट्या मला माहीत होतं. तुला जाऊन महिना झाला. तुला सांगायला मला चार महिने मिळाले होते.

पहिल्या लॉकडाऊनचा वसंत आठवतो का? आपण दोघं डेल्फ्टमध्ये एका कालव्याच्या अलीकडे-पलीकडे राहत होतो आणि सहा वर्षांत एकमेकांना फक्त गणपतीत भेटलो होतो. मग ऑफिसं बंद झाली, घरात बसून माणसं आंबायला लागली, आणि एका शनिवारी तू फोन केलास. "ए पुणेकर, चल हूकला. दगडावर बसू. दीड मीटर काय, पंधरा मीटर अंतर ठेवू." मी म्हटलं, मला गळ टाकता येत नाही. तू म्हणालास, "मला कुठे पुणेरी बोलता येतं? तरी तुझ्याशी बोलतोय ना."

हूक फान हॉलंडचा तो लांबलचक दगडी धक्का. एका बाजूला रॉटरडॅमला जाणारी जहाजं, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये ते शेवाळलेले दगड, ज्यांच्यावर मी पहिल्याच दिवशी दोनदा बसलो, म्हणजे पडलो. तू मात्र अलिबागजवळच्या खारपट्टीतला. बांधावर जन्मलेला. त्या दगडांवरून तू घरच्या ओट्यावरून चालावं तसा चालायचास. दगडांच्या फटींत लाटा फुटतात तिथे झेबार्स असतो, हे तू मला दाखवलंस. चंदेरी, काटेरी पाठीचा, मोठ्या तोंडाचा मासा. पहिला हातात आला तेव्हा तू त्याच्या तोंडाकडे बघत राहिलास. "हा आपला जिताडा रे," म्हणालास. "चुलत नसेल, मावस असेल. पण तोंड बघ. तोच रुबाब."

मग तू खिशातून शैलावहिनींची शिवणाची टेप काढलीस. पिवळी, कापडी, टोकाला पितळी पत्रा असलेली. माशाच्या तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत ती लावलीस आणि म्हणालास, "एकोणचाळीस. जा बाबा." आणि तो मासा, तासाभराच्या थंडीवाऱ्यानंतर मिळालेला पहिला मासा, तू दोन्ही हातांनी पाण्यात धरलास. तो शेपटी हलवेपर्यंत धरून ठेवलास, आणि सोडलास.

मी चिडलो होतो. मला आजही त्या चिडण्याची लाज वाटत नाही. "कशाला सोडलास?"

"बेचाळीसच्या खालचा ठेवायचा नाही. नियम आहे."

"इथे कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

आपला वाद तिथून सुरू झाला आणि अर्धाच राहिला. मी तो अजून हरलेलो नाही, हे तुला आजही सांगतो. बेचाळीस सेंटिमीटर. माणशी दिवसाला दोन. आणि हिवाळ्याचे तीन महिने एकही नाही, पकडलास तरी सोडायचा. मी क्षितिजावरच्या बोटी दाखवायचो. "त्यांच्या जाळ्यात एका फेरीत काय काय येत असेल! आणि सरकार इथे दगडावर बसलेल्या माणसाच्या एका गरीला पट्टी लावतंय."

"त्यांनाही कोटा असतो रे."

"त्यांचा टनांत. तुझा नगांत."

"पुणेकर, तू मासे खातोस का आकडे?" मग तू गंभीर व्हायचास. "बेचाळीस का, माहीत आहे? साधारण तेवढी झाल्याशिवाय मादी अंडीच घालत नाही. एकदा तरी घालू दे ना तिला. मग तुझी."

एकदा मी म्हणालो की हे गोऱ्यांचे चोचले आहेत, आपल्याकडे असलं काही नसतं. तेव्हा तू खरा भडकलास. रॉड खाली ठेवलास. "आपल्याकडे नसतं? आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोण पाण्यात जात नाय. माझ्या आज्याला काय कुणी जीआर दाखवला होता? म्हावऱ्याच्या पोटात अंडी असतात त्या दिवसांत, म्हणून. तुम्ही पुण्यात मासा फ्रीजमध्ये जन्मतो असं समजता."

राग आला की तुझी भाषा घरी जायची. मला ते फार आवडायचं, हे कधी बोललो नाही.

आता माझ्या पट्टीकडे येतो.

मी मोजमापाच्या यंत्रांचा इंजिनिअर. डोळ्यांना न दिसणारी अंतरं मोजणारी यंत्रं आम्ही बनवतो आणि मी त्यांचं शून्य लावतो. दुसरं काही करत नाही. यंत्र कितीही महाग असो, शून्य चुकलं तर पुढचं सगळं चुकलं, हे मी नवीन मुलांना शिकवतो. अशा माणसाला तुझी ती कापडी टेप बघवत नव्हती. "ओली झाली की ताणते ती," मी म्हणायचो. "तुझे निम्मे मासे तू उगाच सोडतोस." तू म्हणायचास, "ताणली तर समुद्राच्या फायद्याची. ताणू दे."

तुझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला घरी केक कापायलाही कुणी येणार नव्हतं. म्हणून मी तुला मासा मोजायची फळी करून दिली. ओकच्या शेल्फचा उरलेला तुकडा होता. त्यावर पोलादी पट्टी चिकटवली, अगदी फळीच्या काठापासून. बेचाळीसवर लाल रेघ मारली, तिच्यावर वॉर्निशचे तीन हात दिले. मग माशाचं तोंड टेकवायला एका टोकाला आडवा ठोकळा हवा होता, तो शेवटी स्क्रूने बसवला. दिसायला सुंदर झाली होती. मी फोटो काढून ऑफिसातल्या लोकांनाही पाठवला होता. त्यांच्यापैकीही कुणाच्या लक्षात आलं नाही.

ठोकळा एक सेंटिमीटर जाडीचा होता. आणि मी तो पट्टीच्या पहिल्या सेंटिमीटरवरच बसवला होता. शून्य ठोकळ्याखाली गेलं. माशाचं तोंड जिथे टेकायचं तिथे पट्टीवर एक होता. म्हणजे माझ्या फळीवर बेचाळीस भरलेला मासा खरा एकेचाळीसचा होता.

तू ती फळी छातीशी धरलीस. "आता टेप परत हिच्या डब्यात. नाहीतर ब्लाउज शिवताना माशाचा वास येतो म्हणते." आणि मला म्हणालास, "तू मोजलंयस म्हणजे आता वादच मिटला." तू सॉफ्टवेअर टेस्टर होतास, जनार्दन! तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलंस. फोनचं अपडेट आलं तरी आधी चार जणांना विचारायचास. मग माझी फळी एकदा त्या टेपवर ठेवून बघायला काय झालं होतं? मला तुझा राग येतो. माझ्यावर विश्वास ठेवल्याचा राग. हा कसला राग आहे ते मला कळत नाही, पण तो आहे.

त्या उन्हाळ्यात दोन विद्यार्थ्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. बादलीभर झेबार्स, वीतभर लांबीचे, आणि खाली 'आज फिश फ्राय'. सगळ्यांनी अंगठे दिले. तू अर्धं पान लिहिलंस. शेवटचं वाक्य मला पाठ आहे, कारण नंतर ते सगळ्यांनाच पाठ झालं. 'बेचाळीसच्या खालचा मासा घरी नेणारा माणूस दर्याच्या घरात शिरलेला चोर आहे.' मी तुला म्हटलं होतं, चोर शब्द काढ. तू म्हणालास, "चोराला काय पाहुणा म्हणू?" खरं सांगायचं तर ते वाक्य तू जरा मिरवतही होतास. तू देव नव्हतास. उपदेश करायची तुला हौस होती, आणि समोरचा ओशाळला की तुला बरं वाटायचं. ते तू आमच्यापासून लपवलंही नाहीस.

मग सप्टेंबरमधली ती सकाळ. स्वच्छ ऊन, भरती नुकतीच उतरू लागलेली. तुला दोन मिळाले होते. एक चांगला सत्तेचाळीसचा, आणि एक माझ्या फळीवर लाल रेघेच्या थोडा पुढे. तू दोनदा लावून बघितला होतास. "बेचाळीस आणि वर तीन मिलिमीटर," मला हाक मारून दाखवलंस. "बसला काठावर!"

ते दोघं तपासनीस धक्क्यावरून चालत आले तेव्हा तू खूशच झालास. इतक्या महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदाच बघायला आलं होतं. तू त्यांना डचमध्ये गुड मॉर्निंग म्हणालास आणि न विचारताच बादली पुढे केलीस. त्यातल्या बाईने हात करून तुला मागे व्हायला सांगितलं. दीड मीटर. तू मासे दगडावर ठेवून मागे झालास, ती पुढे आली. तिने स्वतःची पट्टी लावली. मोठा ठीक. मग दुसरा.

"हा लहान आहे, सर."

तू हसलास. "नाही. परत बघा."

तिने परत लावला. मग शेपटी दाबून परत लावला. तीन वेळा. बाई सभ्य होती, घाई तिने केली नाही. "एकेचाळीस आणि थोडं," ती म्हणाली. "सॉरी."

"माझ्या पट्टीवर बेचाळीसच्या वर होता," तू म्हणालास, आणि माझ्याकडे वळलास. "दाखव रे फळी."

फळी माझ्या हातात होती. मी तिच्याकडे बघितलं. खरोखर बघितलं, बनवल्यापासून पहिल्यांदा. ठोकळ्याला चिकटून पोलादावर कोरलेला 'एक' होता. ऊन पडलं होतं त्यावर.

ती बाई म्हणाली की तुमची पट्टी काही असो, मोजलं जाईल ते आमच्या पट्टीने. आणि मी, जनार्दन, फळी पिशवीत ठेवली.

एवढंच. मी खोटं काही बोललो नाही. फळी पिशवीत ठेवली आणि चेन लावली.

तू ओळखपत्र दाखवलंस. त्यांनी तुझं नाव लिहून घेतलं, ते तू अक्षर अक्षर सांगितलंस, कारण त्यांना 'र्द' जमेना. लहान मासा त्यांनी जप्त केला. नोटीस घरी येईल म्हणाले. तू त्या बाईला 'थँक यू' म्हणालास. तुझ्या मानेवरच्या शिरा मला दिसत होत्या.

गाडीत तू पुढच्या काचेतून बघत होतास. मी ठरवलं होतं, घरी पोचेपर्यंत सांगायचं. डेल्फ्टची पाटी आली तेव्हा तू म्हणालास, "डोळे गेले रे माझे." मी म्हणालो, "अरे, एवढ्या तेवढ्याने काय होतं. एक सेंटिमीटर!" मी तुला समजावत नव्हतो. मी माझा तोच जुना वाद जिंकत होतो.

त्या दुपारी वहिनींनी त्या सत्तेचाळीसच्या माशाचं कालवण केलं. तुमच्याकडे जिताड्याचं डोकं मानाच्या पाहुण्याला वाढतात. ते तू पहिल्या दिवसापासून मला वाढायचास आणि मला ते खाता येत नाही म्हणून हसायचास. त्या दिवशीही वाढलंस. हसला नाहीस, पण वाढलंस. "खा. हा तरी नियमातला आहे."

मी ते डोकं खाल्लं. डोळ्यामागचा मऊ भाग सुद्धा, तू शिकवला होतास तसा.

आणि याहून वाईट पुढे आहे. दसऱ्याचा कार्यक्रम ऑनलाइन झाला. आरती, लहान मुलांची गाणी, सगळ्यांचे आवाज एकमेकांत अडकलेले. कार्यक्रम संपल्यावर चार-पाच जण पडद्यावर रेंगाळले होते, मीही होतो. कुणीतरी विचारलं, "काय, तुमचे समुद्राचे सीआयडी काय म्हणतायत?" आणि मी सांगितलं. हसत सांगितलं. तीन वेळा मोजलेलं, 'र्द' न जमलेलं, सगळं. फळीचं सोडून सगळं. ते खूप हसले, आणि आपल्या बोलण्यावर इतके लोक हसतायत याचं मला, त्या एकलकोंड्या वर्षात, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्टिकर आलं. तुझा गणपतीतला फोटो कापून हातात एक इवलासा मासा दिलेला, आणि खाली तुझंच वाक्य. चोर. मग ते प्रत्येक गोष्टीला यायला लागलं. कुणी आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधल्या मेथीचा फोटो टाकला की खाली तू. कुणी मुलाची उंची सांगितली की खाली तू. ज्यांनी बादलीभर पिल्लं मारली होती त्या दोघांनी ते सगळ्यांत जास्त वापरलं, आणि तेव्हाही सगळ्यांनी अंगठे दिले. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हा माणूस असं कसं करेल? आपण इंजिनिअर लोक. यंत्र चुकीचा आकडा दाखवायला लागलं तर आधी यंत्र तपासतो. माणूस चुकीचा दिसला तर माणूसच चुकीचा ठरवतो, लगेच, जेवता जेवता.

तू ग्रुप सोडलास. कारण दिलं नाहीस. त्यावरही एक स्टिकर आलं.

मी गप्प होतो. रोज ठरवायचो. आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हे सांगावं लागेल, आणि प्रत्येक दिवसाने ते जास्त अवघड होत गेलं. पुढे नोव्हेंबरच्या शेवटी मासे ठेवायचा हंगामच संपला. मला सुटल्यासारखं वाटलं. तू म्हणालास, "मी आता यायचो नाही रे. मासा आला तर मोजणार कोण?" ती फळी तू माझ्याकडेच ठेवायला सांगितलीस. "तुझी कलाकृती आहे. माझ्याकडे वाया जाईल."

जानेवारीत तुला झालं. कसं, कुठे, कुणाला माहीत. तू दगडावर येत राहिला असतास तर वाचला असतास, असलं काही मी म्हणणार नाही. तसलं गणित मांडायचा मला हक्क नाही. हॉस्पिटलमधून तू एकदाच फोन केलास. श्वास तोडून तोडून बोलत होतास, आणि मला वाटलं कामाचं काही सांगशील. लेकीच्या, ऋचाच्या कॉलेजचं, वहिनींच्या कागदपत्रांचं. तू म्हणालास, "पुणेकर, मी खरंच बघितलं होतं रे. लाल रेघेच्या पुढे होतं शेपूट."

तुला श्वास पुरत नव्हता आणि तो तू यावर घालवत होतास.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जाऊ दे रे ते. तू बरा हो आधी."

जाऊ दे! त्या दोन शब्दांबद्दल मला कुणी काही सुनावत नाही, कारण ऐकणारा तू एकटाच होतास. म्हणून मीच इथे लिहून ठेवतो. एक वाक्य हवं होतं. "फळी चुकली आहे, डोळे नाहीत." एवढं म्हणायला मला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती.

तुझ्या अंत्यविधीला मोजकी माणसं, दूर दूर ठेवलेल्या खुर्च्या. ऋचाने डचमध्ये दोन कागद वाचले. गुरुजी पुण्याहून स्क्रीनवर होते आणि मध्येच गोठत होते. बाकीचे सगळे लिंकवर. मी खुर्चीत बसून फोन बघितला, कारण तुझ्या पेटीकडे बघवत नव्हतं. तिथे ग्रुपवर एकामागून एक जोडलेले हात येत होते. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'तत्त्वनिष्ठ माणूस गेला.' तत्त्वनिष्ठ! हाच शब्द लिहिणाऱ्याने तीन महिन्यांपूर्वी तुझ्या हातात तो इवलासा मासा दिला होता. मला उठून ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. ओरडायचा अधिकार फक्त त्याच माणसाला असतो, ज्याने स्वतः काही केलेलं नाही.

गेल्या रविवारी मी फळी घेऊन तुझ्या घरी गेलो. शैलावहिनींनी दार उघडलं आणि सवयीने मागे झाल्या. मी स्वयंपाकघरात टेबलाच्या या टोकाला, वहिनी पलीकडच्या टोकाला, ऋचा जिन्याच्या पायरीवर. मी फळी टेबलावर ठेवली आणि सांगितलं. सुरुवातीपासून, दसऱ्यासकट.  माझं झाल्यावर वहिनी उठल्या, शिवणाचा डबा आणला, आणि ती पिवळी टेप काढली. पितळी टोक ठोकळ्याला टेकवलं. टेप फळीवरून हळूहळू उलगडत लाल रेघेपर्यंत नेली. अंगठ्याने दाबून धरली.

"एकेचाळीस," त्या म्हणाल्या.

मग टेप तशीच दाबून ठेवत, "म्हणजे माझी टेप बरोबर होती."

"हो."

"भावोजी, त्यांनी डोळे तपासून घेतले होते. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी. चष्म्याच्या दुकानात गेले. नंबर बदललेला नाही म्हणाला तो. तर घरी येऊन म्हणतात, मग डोकंच गेलं असेल. त्यांच्या काकांना शेवटी विसर पडायचा, तसं काहीतरी झालंय म्हणाले. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती. जानेवारीतली."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं की मी तुझी अब्रू घेतली. मी तुझा स्वतःवरचा विश्वास घेतला होता.

ऋचा पायरीवरून डचमध्ये म्हणाली, "म्हणजे बाबा बरोबर होते?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती कधी मराठीत देत नाही, यावर तू किती चिडायचास.

"मासा लहानच होता," मी म्हणालो. "पण तुझा बाबा बरोबर होता."

ती उठून वर गेली. दार आपटलं. बरं केलं.

मी वहिनींना म्हटलं, माफ करा म्हणायची माझी लायकी नाही. त्या म्हणाल्या, "मग म्हणू नका." टेप गुंडाळत होत्या. "जिथे हसले ना सगळे, तिथे लिहा. मला घरी येऊन सांगून काय उपयोग? मी कुठे हसले होते?"

मी विचारलं, फळी दुरुस्त करून आणू का? ठोकळा काढून एक सेंटिमीटर मागे बसवायचा, दहा मिनिटांचं काम. त्यांनी फळी माझ्याकडे सरकवली. "दुरुस्त करायची नाही. अशीच ठेवा, तुमच्या डोळ्यांसमोर."

ती आता माझ्या टेबलावर आहे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये पडद्यावर माझ्या मागे दिसते. कुणी विचारलं तर सांगतो. 

तर मंडळातल्या सगळ्यांनो, हे तुमच्यासाठी. ज्याच्या ज्याच्या फोनमध्ये ते स्टिकर अजून आहे त्याने ते पुसू नये. पुसून मोकळं होणं फार सोपं आहे. त्यातला जनार्दनचा चेहरा काढा आणि माझा लावा. फोटो मी ग्रुपवर टाकला आहे, हसरा आहे, अंकाला चालेल तसाच. खालचं वाक्य तेच राहू द्या. माझ्या पट्टीतला तो एक सेंटिमीटर माझा आहे. त्याचा नव्हता.

आणि जनार्दन, एक मार्चला हंगाम पुन्हा उघडतोय. मी जाणार आहे. ती टेप मागायचं धाडस मला झालं नसतं, पण निघताना वहिनींनी ती माझ्या हातात ठेवली. "परत आणून द्यायची," म्हणाल्या, "आणि वास आला तर धुऊन." दगडावर मला अजून नीट चालता येत नाही. एकेचाळीसचा आला तर सोडीन, शेपटी हलवेपर्यंत धरून. आणि त्या बोटींकडे बघून तुझ्याशी भांडेन, कारण नियम मला अजूनही अन्यायाचाच वाटतो आणि तुझं उत्तर अजून पूर्ण व्हायचं आहे.

पण तुझ्या त्या शेवटच्या फोनला माझं उत्तर उरलं आहे, ते देतो. उशिरा देतो, सगळ्यांच्या देखत देतो.

हो रे. लाल रेघेच्या पुढे होतं शेपूट. मीही बघितलं होतं. तुझे डोळे ठीक होते.